पडदे शिवणारीच्या घरात झिलमिलीच्या झडपा

गेली तेवीस वर्षं मी पडदे शिवते. सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी या भागातल्या किती घरांच्या खिडक्यांना टेप लावला त्याची मोजदाद नाही. अशा बाईच्या बैठकीच्या खोलीत पडदा नाही, लाकडी झडपा आहेत, हे बघून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातच विचारतं, "ताई, कितीला पडल्या? उन्हाळ्यात फरक पडतो का? आम्ही पण करू का?" तीच उत्तरं रोज द्यायची, ती एकदा नीट लिहून काढते. झडपा गेल्या वर्षी मार्चअखेर बसवल्या. दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा बघून झालाय, त्यामुळे नव्याची नवलाई आता उरलेली नाही.

आधी खिडकी कशी आहे ते सांगते. तिसरा मजला, तोंड सरळ पश्चिमेला. रुंदी पाच फूट, उंची साडेचार. तीन ट्रॅकची सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, तिसऱ्या ट्रॅकवर डासांची जाळी, बाहेर ग्रिल, आतून चारी बाजूंनी ग्रॅनाइटच्या पट्ट्या. पुण्यात पश्चिमेच्या खिडकीला उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन आणि जूननंतर पावसाची झड, दोन्ही समोरासमोर येतं. वर छज्जा आहे, पण तो दुपारपुरता. मे महिन्याच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा छज्ज्याची सावली खिडकीभर असते. उन्हं कलली की छज्ज्याचं काम संपलं. साडेपाचचं ऊन आडवं आत शिरतं आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळापर्यंत जातं.

याच खिडकीशी आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, चारला चहा झाला की बसतात ते दिवेलागणीपर्यंत. वय एक्क्याऐंशी. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालंय, त्यामुळे खाली भाजीची गाडी आली, शाळेची बस आली, कोणाकडे पाहुणे आले, हे सगळं त्या इथूनच बघतात. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि तेव्हापासून त्यांना समोरून येणारं ऊन अजिबात सोसत नाही. मी आधी अस्तर लावलेले जाड पडदे शिवले. ते ओढले की खोलीत अंधार, आईंना रस्ता दिसेना. मग पातळ पडदे लावले. त्यांतून सगळंच धूसर दिसायचं आणि दिवा लावला की समोरच्या इमारतीला आमचं घर उघडं. वारा सुटला की पडदा त्यांच्या तोंडावर यायचा, तो त्या एका हाताने धरून बसायच्या. तेवीस वर्षांच्या अनुभवावर मी त्या एका खिडकीला चार प्रकारचे पडदे शिवले आणि चारही उतरवले. कापडाला ऊन अडवता येतं, नाहीतर नजर जाऊ देता येते. दोन्ही एकदम करता येत नाही.

तेव्हा मला गिरगावातलं आजोळ आठवलं. जुन्या लाकडी इमारतीतल्या त्या उंच खिडक्यांना झिलमिल्या होत्या. आडव्या पट्ट्या, मध्ये उभी काठी, आणि काठी खालीवर केली की सगळ्या पट्ट्या एकदम वळायच्या. माझी आजी एका बोटाने काठी ढकलून गल्लीत कोण ओरडतंय ते बघायची. खालच्याला ती दिसायची नाही. मला नेमकी ती काठी हवी होती.

बाजारात याला आता शटर म्हणतात, दुकानदार प्लँटेशन शटर म्हणतात. मी तीन प्रकार हाताळून बघितले.

पहिला पीव्हीसीचा. पांढरा शुभ्र, पुसायला सोपा, पाण्याने काही होत नाही. चांगल्या मालात पट्टीच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा गाभा असतो, नुसती पोकळ पट्टी लांबीला वाकते. बाथरूमच्या, वॉशिंगच्या जागेच्या खिडकीला मी डोळे मिटून हाच सांगेन. भाव मला साडेनऊशे रुपये चौरस फूट सांगितला. दुसरा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, वरून रंगाचं आवरण. दिसायला सुबक, उचलायला जड. पण तो पश्चिमेच्या खिडकीला लावणं म्हणजे आपण होऊन पैसे पाण्यात टाकणं. कुठेतरी आवरणाला चीर जाते, पावसाची झड आत शिरते, कडा फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. तिसरा बासवूडचा, बाहेरून येणारं हलकं लाकूड, रंग सुंदर घेतं. एकोणीसशे रुपये चौरस फूट आणि दहा आठवडे थांबायचं. माझी खिडकी साडेबावीस चौरस फूट, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस हजार. एका खिडकीला एवढे घालायची माझी ऐपत नव्हती.

म्हणून आधी पीव्हीसीची ऑर्डर दिली, आणि तिथे जे झालं ते सांगणं भाग आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही. मोजायला आलेल्या मुलाने खिडकीच्या मध्यावर एकदा टेप लावला, आकडा मोबाइलमध्ये टाकला आणि निघाला. मी म्हटलं, "वर आणि खाली पण घे." तो म्हणाला, "मॅडम, चालतंय." चालत नाही. खिडकी कधीच पुरती चौकोनी नसते. पडद्याच्या धंद्यात ते खपून जातं, कारण कापड सगळं पोटात घालतं. लाकूड आणि प्लास्टिक पोटात घालत नाही. माझी खिडकी मध्यावर वरच्यापेक्षा दोन सूत आणि तळाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच अरुंद आहे. माल आला तो खाली अडकला, वर सैल. त्यांनी तळाची चौकट घासून बसवली आणि वरच्या फटीत सिलिकॉन भरू म्हणाले. संध्याकाळी त्या फटीतून उन्हाची तिरीप आली ती सरळ आईंच्या डोळ्यांवर. दुसऱ्या दिवशी मी ते काढून न्यायला लावलं. पैसे परत मिळायला दोन महिने लागले आणि दहा हजारांच्या आगाऊ रकमेतून तीन हजार कापले ते कापलेच.

त्यानंतर मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले. मला जुन्या पद्धतीचं काम करणारा सुतार हवा होता. दोन वखारींत विचारल्यावर मागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींचा पत्ता मिळाला. साठीचे असतील. एकटे काम करतात, हाताखाली एक पुतण्या. नाव-नंबर कुठे देऊ नका, हातातली कामं उरकत नाहीत, असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून देत नाही. पण त्यांनी काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण तुमचा मिस्त्री कुणीही असो, त्याने हे केलं पाहिजे.

ते आले तेव्हा टेपच्या आधी काटकोन तपासायचा गुण्या आणि उभी रेषा तपासायचा ओळंबा काढला. रुंदी तीन जागी, उंची तीन जागी, मग दोन्ही कर्ण. कर्णांत पाच सुतांचा फरक निघाला. "ताई, खिडकी गुण्यात नाही," म्हणाले, "झडपा गुण्यात करू आणि फरक चौकटीत मारू." म्हणजे झडपा सगळ्यात अरुंद मापावर काटकोनात बनवायच्या, आणि चौकट व ग्रॅनाइट यांच्यामध्ये जी फट उरते तिथे खाली बारीक, वर रुंद अशी निमुळती सागवानी पट्टी तासून बसवायची. आज ती पट्टी मी दाखवल्याशिवाय कोणाला दिसत नाही.

मग त्यांनी काच सरकवून खिडकीचं हँडल आत किती येतं ते मोजलं. ही गोष्ट दुकानात कोणी काढलीच नव्हती. झडपेतली पट्टी आडवी उघडली की तिची अर्धी रुंदी मागे जाते. साडेतीन इंची पट्टी घेतली असती तर ती हँडलला आणि जाळीच्या कडेला आपटली असती. साडेतीन इंची पट्टीतून बाहेरचं जास्त दिसतं हे खरं, पण आमच्या भिंतीला तेवढी खोली नाही. अडीच इंची ठरली.

आणि मग त्यांनी आईंना विचारलं, "आजी, तुम्ही रोज कशा बसता तशा बसून दाखवा." आई त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसल्या. मिस्त्री वाकले, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत टेप धरला आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली. झडपेला मध्ये एक आडवी दांडी लागते, म्हणजे वरच्या पट्ट्या वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या वळवता येतात. ती दांडी डोळ्यांसमोर आली तर अख्खा खर्च वाया. त्यांनी ती रेघेच्या सहा इंच वर घेतली. आई उठताना म्हणाल्या, "एवढं माप तर चोळीचंही कोणी घेतलं नाही." ती पेन्सिलची रेघ अजून भिंतीवर आहे, मी पुसू दिलेली नाही.

लाकूड बल्लारशाचं सागवान. वखारवाल्याने सांगितलं की २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराला गेलं ते याच भागातलं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सागवानात अंगचं तेल असतं, त्याला वाळवी सहसा शिवत नाही आणि ओल-उन्हाच्या खेळात ते इतर लाकडांपेक्षा कमी हलतं. चौकटीचे सांधे खाच-कुसूचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, नुसते स्क्रू मारलेले नाहीत. झडपा चार. दोन डावीकडे दुमडतात, दोन उजवीकडे, प्रत्येकीला तीन पितळी बिजागऱ्या. बिजागऱ्या मी स्वतः बोहरी आळीतून आणल्या. काठी पुढच्या बाजूला, उघडी, गिरगावसारखी. दुकानात काठी लपवलेला प्रकार जास्त खपवतात, दिसायला तो नेटका असतोही. पण आतलं यंत्र बिघडलं की त्याच कंपनीचा भाग शोधत फिरावं लागतं. काठीचा खिळा निघाला तर गल्लीतला कोणीही बसवून देतो, आणि आईंच्या बोटांना काठी धरायला सोपी जाते. सगळं मिळून, पॉलिश आणि बसवणीसकट, एकतीस हजार झाले. सांगितले होते तीस. हजार रुपये दुसऱ्या फेरीच्या टेम्पोचे, ते त्यांनी आधी सांगितले असते तर बरं झालं असतं. वेळही चारऐवजी सात आठवडे लागला.

आता वापराबद्दल. पट्टीची बाहेरची कड खाली आणि आतली कड वर ठेवली की आईंना तिसऱ्या मजल्यावरून खालचा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून वर बघणाऱ्याला फक्त आमचं छत दिसतं. वरून उतरणारं ऊन पट्टीच्या पाठीवर अडतं आणि खालच्या फरशीवरून उठलेला उजेड छताकडे जातो. चार ते साडेपाच खोलीत असा मऊ उजेड असतो की आई दिवा न लावता पोथी वाचतात. साडेपाचनंतर ऊन आडवं झालं की पट्ट्या तिरप्या ठेवून भागत नाही, मधल्या फटींतून ते आत येतंच. तेव्हा वरचा भाग पूर्ण मिटायचा आणि खालचा थोडा उघडा. हे सगळं आई स्वतः करतात. पडद्याला त्यांना उठावं लागायचं, काठी बसल्या जागी हाताला येते.

उष्णतेबद्दल मात्र मला कोणाचीही फसवणूक करायची नाही. "शटर लावा, खोली गार होईल" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ऊन काचेतून एकदा आत आलं की आलं. ते पट्टीवर पडतं, पट्टी तापते, आणि ती उष्णता काचेतून सहज परत जात नाही, खोलीतच राहते. मे महिन्यात सहा वाजता झडपेच्या काचेकडच्या बाजूला हात लावून बघा, चटका बसल्यासारखं होतं. काच सरकवून ठेवली तर वारा पट्ट्यांतून खेळतो आणि बरं वाटतं, पडदा ओढल्यावर हे सुख नव्हतं. पण ऊन अडवायचं ते बाहेरच. मी यंदा एप्रिलमध्ये ग्रिलच्या आतल्या अंगाला, काचेबाहेर, बांबूची चिक, म्हणजे बारीक काड्यांचा पडदा, टांगली. अठराशे रुपये. गारव्याच्या बाबतीत एकतीस हजारांच्या झडपांनी जेवढं केलं नाही तेवढं त्या चिकेने केलं. ज्यांना फक्त उकाड्यासाठी झडपा करायच्यात त्यांनी आधी एक चिक लावून बघावी. सोसायटीला दर्शनी बाजूला चालते का, ते मात्र विचारून घ्या.

पावसाळ्यात पहिले तीन आठवडे काही झालं नाही. जुलैच्या मध्याला सूर्य आठ-आठ दिवस दिसेना, तेव्हा मधल्या दोन झडपा एकमेकींत अडकायला लागल्या. मिस्त्रींनी एक सुताची फट ठेवली होती ती भरली. फोन केल्यावर चौथ्या दिवशी आले, एका कडेवर रंधा फिरवला, उघड्या लाकडाला तिथेच पॉलिशचा हात दिला. पैसे घेतले नाहीत. हिवाळ्यात ती फट थोडी मोठी दिसते, पण उन्हाची रेघ आत येण्याइतकी नाही. पावसाची झड आली की काच ओढावी लागते, हेही गृहीत धरा. झिलमिली जुन्या घरांत बाहेरच्या अंगाला असायची, तिथे ती पाऊस अडवायची. आपली आतली आहे.

झडपांनी उजेड खाल्ला, तो किती हे मला आधी कळलं नव्हतं. चार झडपा म्हणजे आठ उभ्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकी दोन इंच. साठ इंचांच्या खिडकीतले सोळा इंच नुसतं लाकूड. दोनच झडपा केल्या असत्या तर हे निम्म्यावर आलं असतं, पण तीस इंचांची झडप उघडताना आईंच्या खुर्चीला लागली असती. ज्यांची खोली मुळात काळोखी आहे, उत्तरेची किंवा समोर दुसरी इमारत असलेली, त्यांनी हे करू नये. त्यांना मी आजही पातळ सुती पडदाच शिवून देईन.

धूळ ही दुसरी अडचण. रस्त्याची धूळ जाळीतून येते आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर बसते. पडदा महिन्याने धुवून टाकता येतो, इथे छपन्न पट्ट्या आहेत. मी हातात जुना सुती मोजा घालते, जरासा ओला करते आणि एकेक पट्टी मुठीत धरून सरकत जाते. वरची आणि खालची बाजू एकदम होते. अर्धा तास लागतो, आठवड्यातून एकदा. फडक्याने कराल तर तास जाईल. पाल मागे जाऊन बसते, तिला घालवायला झडपा उघडाव्याच लागतात.

एक गोष्ट लहान मुलं असलेल्यांसाठी. ब्लाइंडला ओढायची जी दोरी किंवा मण्यांची साखळी गोल लोंबत असते, ती मुलाच्या गळ्यात अडकू शकते. मी ब्लाइंड बसवून देते तेव्हा साखळी भिंतीला क्लिपने ताणून लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. झडपांना दोरीच नाही. माझी नात सुट्टीत येते तेव्हा ती दिवसभर काठी खालीवर करत असते, आणि मला तिच्यावर डोळा ठेवावा लागत नाही.

शेजारच्या एक जणी आता स्वयंपाकघराच्या खिडकीला झडपा करायच्या म्हणतायत. फोडणीचा तेलकट थर आणि त्यावर धूळ, हे पट्ट्यांवरून काढताना त्यांना रडू येईल, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांच्या पूर्वेच्या बेडरूमला चालतील. तिथे खिडकीच्या खालच्या अर्ध्याच भागाला झडपा करून वर मोकळं ठेवलं तर खर्चही निम्मा होईल, आणि तळमजल्यावर राहत असल्यामुळे त्यांना आडोसा हवाय तो तेवढ्याने मिळेल.

आमच्या उजवीकडच्या झडपेतली खालून तिसरी पट्टी मार्चपासून सैल झालीय. काठीशी जोडणारा तिचा खिळा निघालाय. बाकीच्या जिथे ठेवाव्या तिथे राहतात, ही एकटी हळूहळू खाली येते आणि पाचच्या सुमाराला एक कवडसा आईंच्या मांडीवर पडतो. आई त्यात हात धरून बसतात. मिस्त्री पाऊस लागायच्या आत येतो म्हणालेत.